मिसर देशांतील काचजडाव

संस्कृत सुभाषितांत मणि आणि काच यांची जोडी येते, ती बहुधा काचेस हिणविण्यासाठींच. हा संस्कार घेऊन कोणी तूतनखामेन राजाच्या सुवर्णमुखवट्याकडे पाहूं लागेल, तर तो चकित झाल्यावांचून राहणार नाहीं. हॉवर्ड कार्टर यांस १९२२ सालीं त्या राजाचें थडगें सांपडलें आणि १९२५ सालीं हा सुमारें १० किलोग्रॅम वजनाचा मुखवटा उजेडांत आला. त्यांतील भुवया व डोळ्यांच्या कडा अस्सल राजावर्ताच्या, म्हणजे लाजवर्दाच्या आहेत. शिरोवस्त्रावरील निळे पट्टे मात्र काचेचे आहेत. ज्या थडग्यांत सर्वांत आंतली शवपेटी सुमारें ११० किलोग्रॅम सोन्याची घडविली, तेथें काटकसरीसाठीं काच वापरली हें म्हणणें आम्हांस पटत नाहीं.

इ. स. पूर्व चौदाव्या शतकांतील अमार्ना येथील मृत्तिकापत्रें आमच्या मतास बळकटी देतात. अश्कलोनचा अधिपति यिद्य फेरोस कळवितो कीं, आज्ञेप्रमाणें काचेचे ३० नग रवाना केले आहेत. सम्राटानें मांडलिकाकडून मुद्दाम मागवावी, अशी ही वस्तु होती. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरून येथें त्याच शतकाच्या अखेरीस बुडालेल्या गलबतांतून, १९८४ ते १९९४ च्या उत्खननांत, तांबें व कथील यांच्याबरोबर काचेच्याही सुमारें १७५ जाड चकत्या निघाल्या.

शब्दांचा पुरावा तर अधिकच बोलका आहे. अक्कदी भाषेंत राजावर्तास 'डोंगराचा' आणि निळ्या काचेस 'भट्टीचा' राजावर्त म्हणत. मिसरी लेखांतही 'खरा' राजावर्त असा निराळा निर्देश येतो. तेव्हां भेद सर्वांस ठाऊक होता. फसवणूक कोणाचीच नव्हती. आपल्या 'कृत्रिम' शब्दाचाही मूळ अर्थ 'केलेलें' एवढाच. धर्मशास्त्रांतील कृत्रिम पुत्र हा कांहीं खोटा पुत्र नव्हे!

काम मात्र कष्टाचें. काचेचे तुकडे घासून नेमक्या आकाराचे करीत व सोन्याच्या पातळ पट्ट्यांनीं पाडलेल्या घरांत लुकणानें बसवीत. गडद निळ्या रंगास लागणारें कोबाल्ट खारगा व दाखला या मरूद्यानांतील तुरटींतून मिळे. टॉलेमी राजांच्या काळीं रंगीत काचकांड्यांची जुडी तापवून, ओढून, तिचे काप काढण्याची रीत रूढ झाली. तो विषय स्वतंत्र आहे. कच्ची काच मिसरी लोक केवळ बाहेरूनच आणीत, या मतास मात्र कांतीर येथील मुशींनीं उत्तर दिलें आहे. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनाप्रमाणें, रामसेस राजांच्या त्या राजधानींत इ. स. पूर्व तेराव्या शतकांत गारेचें पीठ व वनस्पतींची राख यांपासून काच तयार होत असे.