संशयित सरडा आणि आपला बिसखोपरा

सालेकसा हा गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरचा तालुका. मुंबई-हावडा रेल्वेमार्ग दरेकसा स्थानक ओलांडून इथूनच छत्तीसगडात शिरतो. भातशेती, जंगलाच्या टेकड्या, हाजरा धबधबा, कचारगडच्या गुहा असा हा मुलूख. सीमेवर भाषा मिसळतात, तशा समजुतीही मिसळतात. हिंदी मुलखात सर्वांना ठाऊक असलेली अशी एक समजूत म्हणजे 'बिसखोपरा'. तो चावला तर माणूस पाणीसुद्धा मागत नाही, असे म्हणतात.

हा प्राणी नेमका कोणता, असे विचारले की उत्तरे वेगवेगळी येतात. कोणी घोरपडीचे पिवळ्या ठिपक्यांचे पिल्लू दाखवतो, तर कोणी रात्री जमिनीवर हिंडणारी, पापण्या असलेली पट्टेदार पाल. हे प्राणी खरेच विषारी आहेत का? उत्तर शोधण्याआधी थोडा इतिहास पाहू.

अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील आणि मेक्सिकोच्या वाळवंटी भागात एक जाडजूड, संथ सरडा राहतो. अंगावर मण्यांसारखे खवले, त्यांवर काळी आणि गुलाबी-नारिंगी नक्षी, लांबी सुमारे अर्धा मीटर. अ‍ॅरिझोनातील हिला नदीवरून त्याला 'हिला मॉन्स्टर' म्हणतात. तो आयुष्याचा बहुतेक काळ बिळात काढतो. पक्ष्यांची व सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी आणि घरट्यातली पिल्ले हे त्याचे अन्न. शेपटीत चरबी साठवलेली असल्यामुळे वर्षातून थोड्याच वेळा पोटभर खाऊन त्याचे भागते.

1869 साली एडवर्ड कोप यांनी त्याला 'हेलोडर्मा सस्पेक्टम' हे शास्त्रीय नाव दिले. सस्पेक्टम म्हणजे संशयित. तो विषारी असावा असा संशय होता, पुरावा नव्हता. त्याचा नुसता श्वासही मारक आहे, अशाही कथा होत्या. पुढे 1883 मध्ये वेअर मिचेल आणि एडवर्ड रायकर्ट यांनी त्याची लाळ गोळा करून ती कबुतराला टोचली. कबुतर काही मिनिटांत मेले. संशय खरा ठरला. सापाच्या विषग्रंथी वरच्या जबड्यात असतात, याच्या मात्र खालच्या जबड्यात. सापासारखे पोकळ सुळे त्याला नसतात. दातांवरच्या खोबणींतून विष वाहते, म्हणून तो घट्ट चावून धरतो. वेदना भयंकर होतात, पण माणूस दगावणे अतिशय दुर्मिळ. म्हणजे संशय खरा ठरला, कथा मात्र खोट्या ठरल्या.

योगायोग असा, की त्याच 1883 साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे भारतीय होते. साताऱ्यात जन्मलेले एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हेही त्यांतलेच. त्याच वर्षी आलेल्या आपल्या पुस्तकात एटकेन यांनी बिसखोपऱ्याच्या दहशतीची थट्टा केली. 1886 सालच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या प्रसिद्ध कोशातही हा शब्द आहे. इंग्रजांच्या तोंडी बिसखोपऱ्याचा 'बिसकोब्रा' झाला आणि नावातच नाग शिरल्याने भीती आणखी वाढली!

घोरपडीची दुभंगलेली जीभ सापासारखी दिसते, हेही भीतीचे एक कारण असावे. पट्टेदार पालीला तर विषग्रंथीच नाहीत. तिच्या एका नव्या जातीचे वर्णन सातपुड्यातून 2014 साली झाले. घोरपडीच्या कुळाबाबत मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. तिच्या तोंडातल्या ग्रंथींत विषासारखी प्रथिने असतात, असे 2006 मध्ये ब्रायन फ्राय व सहकाऱ्यांनी मांडले. त्यांचा उपयोग काय, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. घोरपड चावली तर जखम साबणपाण्याने धुवावी, डॉक्टरांना दाखवावी, धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे.

मग ही समजूत निरुपद्रवी म्हणून सोडून द्यावी का? आम्हांला तसे वाटत नाही. मण्यार रात्री झोपेत चावते. वेदना फारशी होत नाही, खूण जेमतेम दिसते. अशा वेळी कोणी 'बिसखोपरा चावला' म्हणाले, तर प्रतिविषाची वेळ झाडफुंकीत निघून जाते. डॉक्टरांचाही घोटाळा होऊ शकतो. घोरपडीच्या चाव्याने मृत्यू झाल्याची एक नोंद 2014 साली हिमाचल प्रदेशातून प्रसिद्ध झाली. लक्षणे घोणस चावल्यासारखी आहेत, असा आक्षेप विषतज्ज्ञांनी लगेच घेतला. दुसरीकडे, या भीतीपोटी घोरपडी आणि पाली ठेचून मारल्या जातात. घोरपडीला तर वन्यजीव संरक्षण कायद्याचे कडक संरक्षण आहे.

हिला मॉन्स्टरला ठेचून विषय संपवला असता, तर आणखी एक गोष्ट हातची गेली असती. 1992 मध्ये जॉन इंग यांनी त्याच्या विषातून 'एक्झेंडिन-4' हा रेणू वेगळा केला. त्यावर आधारलेल्या मधुमेहाच्या औषधाला 2005 साली अमेरिकेत मान्यता मिळाली. आज गाजणाऱ्या मधुमेह व वजन घटवण्याच्या औषधांच्या घराण्यातले ते पहिले.

संशय घेणे गैर नाही. तो तपासून पाहिला की एक सरडा विषारी ठरतो आणि दुसरा निर्दोष सुटतो. शिक्षकांनी वर्गात विचारावे: बिसखोपरा कोणी स्वतः पाहिला? कसा दिसत होता? चावताना पाहिला का, की नुसते ऐकले? उत्तरे फळ्यावर लिहावीत. पाहिलेले आणि ऐकलेले यांचे दोन रकाने पडले, की विज्ञानाचा धडा सुरू झालाच. आणि रात्री काहीही चावले, तरी प्राण्याचे नाव ठरवत न बसता आधी दवाखाना गाठायचा, हे त्याच फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावे.