मन्रोव्हिलचं जुनं कोर्ट

तालुका कोर्टात वकिली केलेल्या माझ्यासारख्याला अलाबामातल्या मन्रो काउंटीचं जुनं कोर्ट परकं वाटत नाही. 1903-04मध्ये बांधलेली, घुमटाची, लाल विटांची इमारत. आत कोर्टाच्या दालनाला वक्राकार सज्जा. पुढे ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी लिहिणारी हार्पर ली लहानपणी त्या सज्जातून वडिलांचे युक्तिवाद ऐकायची. वडील ए. सी. ली वकील. 1919मध्ये त्यांनी खुनाच्या आरोपातल्या दोन कृष्णवर्णीयांचं वकीलपत्र घेतलं. दोघेही फासावर गेले. कादंबरीतला वकील ॲटिकस निदान ताठ मानेने हरतो!

कादंबरीवरच्या 1962च्या चित्रपटातला खटला मात्र इथे चित्रित झालाच नाही. हॉलिवूडवाल्यांनी दालनाची मापं घेतली, स्टुडिओत हुबेहूब नक्कल उभारली आणि तिला कलादिग्दर्शनाचं ऑस्करही मिळालं. 1963मध्ये कामकाज नव्या इमारतीत गेलं. जुन्या इमारतीत आता संग्रहालय आहे, दरवर्षी कादंबरीचा नाट्यप्रयोगही होतो.

कौतुक करावं, पण पुढचंही वाचावं. याच काउंटीतल्या वॉल्टर मॅकमिलियन या निरपराध कृष्णवर्णीयाला 1988मध्ये खुनासाठी देहदंड सुनावला गेला, तोही ज्यूरीची जन्मठेपेची शिफारस डावलून. तो सुटला 1993मध्ये.