जुलैतली उतराई: रेनियरच्या हिमनदीवरच्या स्कीची कुळकथा

१८ जुलै १९४८ रोजी केर्मिट बेंगटसन, डेव्ह रॉबर्ट्स, क्लिफ श्मिट्के आणि चार्ल्स वेल्श हे चौघं रेनियर पर्वताच्या माथ्यावरून स्कीवर खाली उतरले. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातला हा ज्वालामुखी १४,४१० फूट उंच आहे. ते आले एमन्स हिमनदीवरून. अलास्का वगळता अमेरिकेच्या मुख्य भूमीवर क्षेत्रफळाने याहून मोठी हिमनदी नाही. माथ्यावरून स्कीने झालेली ही पहिली उतराई, आणि ती भर उन्हाळ्यातली.

स्की ही नॉर्वे-स्वीडनकडची जुनी, हिवाळ्यात गावातून गावात जायची सोय. ती हिमनद्यांवर नेण्याचं श्रेय आल्प्समधल्या गिर्यारोहकांना द्यावं लागतं. विल्हेल्म पाउल्के आणि त्यांच्या सोबत्यांनी जानेवारी १८९७ मध्ये स्वित्झर्लंडमधला बर्नीज ओबरलँड हा प्रदेश हिमनद्यांवरून स्कीने ओलांडला. हिमनदीत खोल भेगा असतात आणि त्यांच्यावर बर्फाचे पातळ पूल धरतात. लांब फळीवर माणसाचं वजन विभागलं जातं, म्हणून बूट जिथे आत जाईल तिथून स्की बऱ्याचदा पार होते.

पण लाकडी स्कीची एक अडचण होती. कडक बर्फावर तिची कड पकड घेत नसे, आणि घासून ती लवकर गोल होई. साल्झबर्गच्या रुडॉल्फ लेटनर यांनी १९२६ मध्ये कडेला पोलादी पट्ट्यांचे तुकडे स्क्रूने बसवण्याचं पेटंट घेतलं. माझ्या मते या कुळकथेतलं सर्वांत मोठं वळण हेच. ती कड आली नसती, तर तीव्र उतारावर वळणं घेत उतरण्याची कल्पना कल्पनाच राहिली असती.

तरीही कड सगळ्या बर्फाला पुरत नाही. १९३९ च्या उन्हाळ्यात मूळचे नॉर्वेचे सिगर्ड हॉल याच एमन्सवरून रेनियरच्या माथ्यावर स्कीने पोहोचले. असं करणारे ते पहिलेच. पण वरचा बर्फ काचेसारखा टणक लागला, तेव्हा त्यांनी माथ्यावरून स्कीने न उतरता पायी उतरायचं ठरवलं. विक्रम अर्धाच राहिला. ज्याला बर्फ कळतो तोच असा निर्णय घेतो, आणि या इतिहासात मला तो १९४८ च्या उतराईइतकाच मोलाचा वाटतो. पुढच्याच वर्षी याच पर्वतावरच्या सिल्व्हर स्कीज शर्यतीत, धुक्यात खडकावर आदळून, हॉल गेले.

उन्हाळाच का, याचं उत्तर बर्फाच्या दिनक्रमात आहे. हिवाळ्यात वर वादळं, ताजा भुसभुशीत बर्फ आणि हिमकडे कोसळण्याचं भय असतं. जूनपर्यंत हा बर्फ दबून घट्ट झालेला असतो. रात्री तो गोठतो, दिवसा वितळतो. असं रोज होत गेलं की त्याचे कण जाड, गोल होतात. स्कीवाले त्याला ‘कॉर्न’ म्हणतात. पहाटे त्यावर कुऱ्हाडीचा घाव घातला तरी फक्त टवके उडतात. ऊन चढलं की वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर सैल होतो, खालचा घट्टच राहतो, आणि कड त्यात अलगद रुतते. उतरायची वेळ ती हीच. आणखी थांबलं तर पाय चिखलात रुतावा तसा बर्फ होतो आणि भेगांवरचे पूलही नरमतात. एमन्सचा उतार ईशान्येला तोंड करून आहे, त्यामुळे तिथे ही वेळ सकाळीच येते. म्हणून निघायचं मध्यरात्री, माथा गाठायचा सकाळी, आणि वर घड्याळाकडे बघत बसायचं.

सिएटल परिसरात आज बरीच मराठी कुटुंबं आहेत, आणि आकाश स्वच्छ असलं की रेनियर शहरातूनही दिसतो. जुलैत पर्वतावरच्या पॅराडाइज भागात फिरायला गेलात तर पाठीवर स्की बांधून वर जाणारी माणसं भेटतील. तुमच्याही मनात यायला लागलं, तर आधी दोर बांधून हिमनदीवर चालायचं आणि भेगेत पडलेल्याला बाहेर काढायचं शिक्षण घ्या. हिमनदीवर किंवा दहा हजार फुटांच्या वर जायला राष्ट्रीय उद्यानाचा परवाना लागतो, तोही काढा. आणि तिथे पोहोचल्यावर बर्फ टणक लागला, तर हॉल यांच्यासारखे पायी उतरा.