भुताविना भय

आपल्या सिल्वासात बाबूजी म्हणजेच सुधीर फडके यांचे नाव गाण्यांइतकेच १९५४ च्या दादरा-नगर हवेली मुक्तिसंग्रामामुळे घेतले जाते. पुढे १९६० साली त्यांनी 'जगाच्या पाठीवर' या चित्रपटाला संगीत दिले. त्याचे दिग्दर्शक होते राजा परांजपे. घरगुती हसू-आसूंसाठी प्रसिद्ध असलेल्या या राजाभाऊंनीच १९६४ साली 'पाठलाग' काढला आणि मराठी प्रेक्षकाला निराळ्याच भयाची ओळख करून दिली.

तोवर आपले भय ठरलेल्या जागी राहत असे. मुंजा पिंपळावर, वेताळ वेशीबाहेर. तिन्हीसांजेनंतर तिकडे फिरकू नये, एवढे पथ्य पाळले की झाले. 'पाठलाग'मध्ये मात्र भय थेट घराच्या उंबऱ्यात येते. पत्नीच्या निधनाने खचलेल्या वकिलापुढे तिच्याच चेहऱ्याची आरोपी स्त्री उभी राहते आणि म्हणते, मीच तुमची बायको. हे खरे असेल, तर अग्नी दिला तो कुणाला? जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरचा हा चित्रपट इतका गाजला, की १९६६ साली त्यावरून हिंदीत 'मेरा साया' निघाला.

वसंत जोगळेकरांचा 'हा खेळ सावल्यांचा' १९७६ सालचा. आशा काळे यांच्या इंदूला मेलेला नरसू दिसत राहतो. ते भूत, मनाचा भास, की कुणा जिवंत माणसाचा डाव? उकल इथे सांगत नाही, नव्या पिढीने तो अजून पाहिला नसेल. त्यातल्या 'रात्रीस खेळ चाले' या गाण्याचे शब्द पुढे २०१६ साली एका गाजलेल्या मालिकेचे नाव झाले.

जगातही हे सूत्र जुने आहे. १९४४ सालच्या 'गॅसलाइट' या इंग्रजी चित्रपटात नवरा बायकोला तिच्याच मनाबद्दल शंका घ्यायला लावतो. अशा छळाला आज इंग्रजीत त्याच चित्रपटाचे नाव आहे.

या तिन्ही कथांत स्त्री काहीतरी सांगते आहे आणि तिच्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे इतरांना ठरवायचे आहे. या चित्रपटांचे खरे भय आम्हाला इथे दिसते. घरातले कुणी 'मला भीती वाटते' म्हणाले, की आपण अजूनही 'मनाचे खेळ आहेत' म्हणून हसण्यावारी नेतो, नाहीतर दृष्ट काढून मोकळे होतो. मीठमोहऱ्या ओवाळायला आमची ना नाही. पण त्याआधी शेजारी बसून त्या माणसाचे सगळे ऐकून घ्यावे.

उत्सवाच्या या दिवसांत रात्रीच्या आरतीनंतर घरची सगळी मंडळी एकत्र असतात. तेव्हा यांतला एक चित्रपट मुलासुनांबरोबर, नातवंडांबरोबर जरूर पाहावा आणि संपल्यावर त्यावर थोडे बोलावे.

गणपती बाप्पा मोरया!