जुन्या गृहसंगणकाचा जीर्णोद्धार

कोल्हापुराच्या वायव्येस वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाचें देवालय आहे. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेला सासनकाठ्या नाचवीत भाविक तेथें येतात आणि सारा डोंगर गुलालानें माखून निघतो. ज्या देवळासमोर आपण हात जोडतों तें मूळचें नव्हे, हें त्यांपैकीं किती जणांच्या मनांत येत असेल? मूळ देऊळ कऱ्हाडजवळच्या किवळ गांवच्या नावजी साया यांनीं बांधलें, असें परंपरा सांगते. 1730 सालीं राणोजी शिंदे यांनीं त्याच जागीं आजचें भव्य देवालय उभारलें. त्याला कोणीं मोडतोड म्हटलें नाहीं, जीर्णोद्धारच म्हटलें. दगड बदलले, देव तोच राहिला.

जोतिबा आमचें कुलदैवत. एका अगदीं क्षुद्र वस्तूच्या पायीं मला या जीर्णोद्धाराचा विचार करावा लागला, ती हकीकत आज सांगावयाची आहे. आमच्या घराच्या माळ्यावर एक जुना गृहसंगणक धूळ खात पडला होता. माझ्या थोरल्या बंधूंचा तो. बंधु आतां नाहींत. यंत्राबरोबर एक कॅसेट होती आणि तिच्यावर त्यांच्या हातचीं दोनच अक्षरें होतीं : ‘यात्रा’.

गृहसंगणक हा शब्दच आज तरुणांना चमत्कारिक वाटेल. परंतु 1980 पूर्वीं संगणक म्हणजे सरकारी कचेऱ्यांतील, विद्यापीठांतील किंवा मोठ्या पेढ्यांतील वातानुकूलित खोलीची मिरास होती. इंग्लंडांत क्लाइव्ह सिंक्लेअर यांनीं ती मोडली. 23 एप्रिल 1982 रोजीं त्यांनीं ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ पुढें आणला. पडद्याच्या जागीं घरचा टेलिव्हिजन, साठवणीला घरचाच टेपरेकॉर्डर, आणि किंमत लहान स्मृतीच्या यंत्रास 125 पौंड, मोठ्या स्मृतीच्या यंत्रास 175. मोठी स्मृति म्हणजे 48 किलोबाइट! आज हातांतल्या दूरध्वनींतील एका छायाचित्रालाहि एवढी जागा पुरत नाहीं.

आपल्याकडे सरकारनें 1984-85 मध्यें ‘क्लास’ योजना काढून निवडक शाळांतून बीबीसी मायक्रो हे संगणक दिले. घरांत मात्र संगणक आला तो मुख्यतः स्पेक्ट्रमच्या रूपानें. त्याच दशकाच्या उत्तरार्धांत डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या भारतीय कंपनीनें परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ विकावयास काढला. आमचें यंत्र याच घराण्यांतलें. पुढें मोठे कार्यालयीन संगणक स्वस्त झाले आणि हीं छोटीं यंत्रें माळ्यावर गेलीं. बहुतेकांना तर भंगारवाल्यानेंच मुक्ति दिली.

आतां माझ्या मूर्खपणाची गोष्ट. यंत्र खालीं आणलें, पुसलें, आणि घरांत सांपडलेला 9 व्होल्टचा एक अडॅप्टर त्याला लावला. हल्लींच्या बहुतेक अडॅप्टरांत टोंकाचा आंतला भाग धन व बाहेरचा ऋण असतो. सिंक्लेअरच्या यंत्राला नेमकें उलटें हवें असतें. तें मला ठाऊक नव्हतें. एक बारीकसा वास आला आणि पडद्यावर नुसता कचरा दिसूं लागला.

काय जळलें हें समजावयास आंत पाहावें लागलें. स्पेक्ट्रमच्या स्मृतीचे पहिले 16 किलोबाइट आठ चिपांत असतात. या जुन्या जातीच्या चिपांना एकाच वेळीं तीन निरनिराळे दाब लागतात : अधिक 12, अधिक 5 आणि उणे 5 व्होल्ट. एक लहानसें वेटोळें व एक ट्रान्झिस्टर मिळून त्यांतले दोन तयार करतात. तो ट्रान्झिस्टर गेला कीं उणे 5 नाहींसा होतो, आणि त्याच्या पाठोपाठ चिपाहि बळी पडतात. उरलेल्या 32 किलोबाइटांची कथा तर मौजेची आहे. त्यांसाठीं दुप्पट क्षमतेच्या, पण अर्धा भाग सदोष निघालेल्या चिपा स्वस्तांत घेऊन त्यांचा धड अर्धा तेवढा वापरला होता. आपल्याकडील एखाद्या काटकसरी गृहिणीनें किडकें वांगें अर्धें कापून भाजींत टाकावें, तसाच हा प्रकार!

ट्रान्झिस्टर आणि दोन चिपा बदलल्या. वाळून गेलेले कंडेन्सर काढून नव्यांना डाग दिला. कळफलकाखालचा पापुद्रा वयोमानानें चिरतो. तो नवा करून मिळतो. खरी भीति होती ती फेरांटी कंपनीनें सिंक्लेअरसाठीं बनविलेल्या खास चिपेची. चित्र, ध्वनि, कॅसेट, कळफलक, सारा कारभार तिच्याकडे. आणि ती कंपनी 1993 मध्येंच बुडाली. सुदैवानें माझी चिप जिवंत होती. नसती तरी मार्ग होता. ख्रिस स्मिथ या गृहस्थांनीं तिची अंतर्रचना उलगडून 2010 मध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली आहे. यंत्राचा मेंदू जो झेड-80, त्याच्या मूळ रूपाचें उत्पादन थांबवीत असल्याचें त्याच्या निर्मात्यांनीं 2024 मध्यें जाहीर केलें. तेव्हां पुढच्या पिढीला सुट्या भागांसाठीं जुन्या यंत्रांच्या प्रेतांवरच हात टाकावा लागेल.

येथवर झाली डागडुजी. सुधारणा कोठवर करावी, यावर या छंदांतल्या मंडळींत कडाक्याचे वाद आहेत. कोणी कॅसेटऐवजीं नखाएवढें मेमरी कार्ड जोडतात. कोणी जुना टेलिव्हिजन-मार्ग टाळून थेट चित्रसंकेत बाहेर काढतात. 2017 मध्यें लोकवर्गणीनें सुरू झालेला ‘स्पेक्ट्रम नेक्स्ट’ तर आंतून सर्वस्वीं नवा आहे. माझा कल असा कीं, जी सुधारणा पुन्हां काढतां येते ती करावी, जिच्यासाठीं पेटीला भोंक पाडावें लागतें ती करूं नये. राणोजी शिंद्यांना हा नियम मानवला नसता, हें मला कबूल आहे. पण दगडांत देव नव्हता, तो गाभाऱ्यांत होता. माझ्या यंत्राचा गाभारा कोठें, हें मला अजून ठरवितां आलें नव्हतें. चित्रसंकेताची तार मीं बदलली, कार्डाला मात्र हात लावला नाहीं. कारण ती कॅसेट.

कॅसेटवर संगणकाची आज्ञावली म्हणजे लांब-आंखूड स्पंदनांची कर्कश शिट्टी असते. चाळीस वर्षांत फीत ताणली जाते, तिच्यावरचें चुंबकीय द्रव्य झडतें. पहिल्या सहा प्रयत्नांत पडद्यावर ‘टेप लोडिंग एरर’ हेंच उमटलें. मग टेपरेकॉर्डरच्या हेडजवळचा बारीक स्क्रू केसभर फिरवीत शिट्टी अधिकाधिक स्वच्छ करीत गेलों. सातव्या वेळीं कडेला तांबडे-निळसर पट्टे आले, मग निळे-पिवळे, आणि ते तुटले नाहींत.

स्पेक्ट्रमला देवनागरी येत नाहीं. वापरणारास स्वतःचीं 21 चिन्हें मात्र काढतां येतात, प्रत्येक आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटींत. त्यांतल्या 12 चौकटी बंधूंनीं वापरल्या होत्या. पडद्याला यंत्राच्या आठ रंगांपैकीं गुलालाला सर्वांत जवळचा रंग त्यांनीं दिला होता. त्यावर पांढऱ्या, ओबडधोबड अकरा अक्षरांची एकच ओळ होती. ‘च्या’ एका चौकटींत मावेना म्हणून त्याला दोन दिल्या होत्या : जोतिबाच्या नावानं चांगभलं.