खेळांचे कार्यक्रम आणि त्यांच्या पुसलेल्या फिती

वसंत व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय निघाला की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे गड उभा राहतो. आटगावात तर त्यासाठी कल्पनाशक्तीला ताण देण्याचेही कारण नाही. स्टेशनाबाहेर येऊन मान वर केली की माहुलीचे सुळके दिसतात, आणि १६३६ साली शहाजीराजांनी निजामशाहीसाठी दिलेली शेवटची झुंज कोणालाही आठवते. अशा जागी दूरचित्रवाणीवरच्या खेळांचा इतिहास सांगावयाचा म्हणजे काही मंडळींना तो पोरकटपणा वाटेल. वाटो बापडा. गडाची बखर लिहावयास कारकून होता, सनदा जपावयास दप्तर होते. पण घराघरांत संध्याकाळी माणसे काय पाहून हसली, कोणते प्रश्न ऐकून त्यांनी मोठ्याने उत्तरे दिली, याचे दप्तर कोणी ठेवले? या प्रश्नाचा शोध घेऊ लागलो की गोष्ट अमेरिकेपर्यंत जाते आणि तेथून पुन्हा मराठी घराच्या उंबरठ्याशी येते.

१ डिसेंबर १९९४ रोजी अमेरिकेत ‘गेम शो नेटवर्क’ नावाची एक केबल वाहिनी सुरू झाली. तिच्यावर बातम्या नव्हत्या, नाटके नव्हती, सिनेमे नव्हते. प्रश्नोत्तरांचे, ओळखा पाहूचे, नशीब अजमावण्याचे खेळ, आणि तेही बहुतांशी जुने, वीस, तीस, चाळीस वर्षांपूर्वी एकदा दाखवून झालेले! पहिल्या संध्याकाळी लावलेला खेळ होता ‘व्हॉट्स माय लाइन?’, म्हणजे ‘माझा धंदा ओळखा’. हा खेळ १९५० साली सुरू होऊन १९६७ साली संपलेला. एक अनोळखी माणूस येऊन बसावयाचा आणि चार हुशार मंडळींनी प्रश्न विचारून त्याचा व्यवसाय ओळखावयाचा. उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’. प्रत्येक ‘नाही’मागे पाहुण्याला पाच डॉलर, दहा नकार झाले की खेळ संपला. म्हणजे जास्तीत जास्त बक्षीस पन्नास डॉलर. मग एखादी प्रसिद्ध व्यक्ती यावयाची, आणि तेव्हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधीत. खेळ एवढाच. आपल्याकडे आंधळी कोशिंबीर खेळलेल्या कोणालाही तो लगेच कळावा.

नवी वाहिनी जुन्या खेळांवर का उभारली गेली, याचे उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. नवे कार्यक्रम करावयास पैसा लागतो. जुने कोठारात पडून असतात. सोनी कंपनीकडे ‘व्हील ऑफ फॉर्च्यून’ आणि ‘जेपर्डी’ हे खेळ निर्माण करणारी संस्था आलेली होती. दुसरा मोठा साठा मार्क गुडसन आणि बिल टॉडमन या जोडीचा. अमेरिकेतील कितीतरी नामांकित खेळ याच दोघांच्या कारखान्यातून निघाले. या दोन साठ्यांवर वाहिनीची पहिली वर्षे निभावली. गुडसनच्या साठ्याचे हक्क १९९७च्या ऑक्टोबरात सुटले, तेव्हा तिची काय अवस्था झाली हे पाहण्यासारखे आहे. पुढचे सहा महिने, म्हणजे एप्रिल १९९८ पर्यंतचा काळ, तिचे निष्ठावान प्रेक्षक आजही ‘अंधारयुग’ म्हणून ओळखतात. वाण्याच्या दुकानातून तांदूळच नाहीसा व्हावा, तशातली ती गत!

परंतु या कथेतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा क्षण त्याच्या बराच आधीचा, १९५२ सालचा आहे. त्या काळी कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत. त्याची नोंद ठेवावयाची तर पडद्यावरचे चित्र सिनेमाच्या कॅमेऱ्याने फिल्मवर उतरवून घ्यावे लागे. सी.बी.एस. ही प्रक्षेपण संस्था अशा फिल्मा वापर झाला की नष्ट करीत असे. गुडसन आणि टॉडमन यांना हे कळले तेव्हा त्यांनी संस्थेला सांगितले की, आमच्या प्रत्येक कार्यक्रमाची फिल्म ठेवा, तिचे पैसे आम्ही देऊ. त्या दिवसापासूनचा साठा बहुतांशी शिल्लक राहिला. त्याआधीच्या दोन वर्षांतले मात्र जेमतेम दहा भाग हाती लागतात. धंदेवाईक माणसाचा हा निर्णय. त्यात इतिहासप्रेम किती आणि पुढेमागे उपयोग होईल हा हिशेब किती, याची वजने करण्यात अर्थ नाही. त्याने पैसे मोजले म्हणून १९५३ सालचा न्यूयॉर्कमधला सामान्य कामगार कसा बसत होता, कसा लाजत होता, हे आज पाहता येते.

ज्यांनी पैसे मोजले नाहीत त्यांचे काय झाले? पुढे व्हिडिओ फीत आली. ती महाग, पण पुसून पुन्हा वापरता येणारी. हा गुणच तिच्या मुळावर आला. ‘जेपर्डी’चा पहिला अवतार एन.बी.सी.वर १९६४ पासून १९७५ पर्यंत रोज दुपारी चालला. त्याच्या हजारो भागांपैकी बहुतेक सर्व पुसले गेले. नाटक जपावे, भाषण जपावे. दुपारचा खेळ कोण जपतो? तो आज खेळावयाचा आणि उद्या विसरावयाचा, अशीच सर्वांची समजूत होती. त्यातून या जातीच्या कार्यक्रमांची अब्रूही एकदा चव्हाट्यावर आलेली. ‘ट्वेंटी-वन’ या प्रश्नमंजूषेत स्पर्धकांना उत्तरे आधीच पुरवली जात होती, हे १९५८-५९च्या सुमारास उघड झाले. चार्ल्स व्हॅन डोरेन या विद्यापीठातील अध्यापकाने अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे नोव्हेंबर १९५९ मध्ये तशी कबुली दिली. १९६० साली कायदा करून अशी लबाडी गुन्हा ठरवली गेली.

आता आपल्या घरी येऊ. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. वरळीच्या मनोऱ्यावरून निघालेले चित्र शहापूर-मुरबाडच्या डोंगरांत पोहोचेपर्यंत पुष्कळ थकलेले असे. कौलावर चढून अँटेना फिरवावयाचा, खालून कोणीतरी ‘आलं, आलं, गेलं’ असे ओरडावयाचे, आणि शेवटी मुंग्यांतून जे दिसेल त्यावर समाधान मानावयाचे, ही पद्धत त्या पिढीला सांगावयास नको. त्या मुंबई केंद्रावर सबीरा मर्चंट या ‘व्हॉट्स द गुड वर्ड?’ नावाचा इंग्रजी शब्दांचा खेळ सादर करीत. तो वर्षानुवर्षे चालला. इंग्रजी धड न समजणारी घरेही तो पाहत, कारण दुसरे केंद्रच नव्हते! १९७२ सालीच आरंभ झालेली बोर्नव्हिटा प्रश्नमंजूषा अमीन सायानींच्या आवाजात रेडिओवर दीर्घकाळ गाजली. १९८५ साली सिद्धार्थ बसूंचा ‘क्विझ टाइम’ दिल्लीहून सर्व देशाला दिसू लागला. आपल्याकडे खेळ म्हणजे तेव्हा मुख्यतः विद्वत्तेची परीक्षा होती. शाळेचा गणवेश घालूनच तो पडद्यावर आला. आणि दूरदर्शनच्या त्या आरंभीच्या काळातल्या कितीतरी फिती पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. फीत परदेशातून यावयाची, अंदाजपत्रक तोकडे. कोणा एकाला दोष देण्याजोगी ही गोष्ट नव्हे. पण हानी झाली ती झालीच.

गणवेश उतरला तो केबल आल्यावर. मुंबईच्या इमारतींत व्हीसीआरला वायर जोडून घरोघर सिनेमे पोहोचविण्याचा उद्योग १९८० नंतरच्या दशकात सुरू झालेला होता. १९९१च्या आखाती युद्धाने उपग्रहावरून येणाऱ्या बातम्यांची चटक लावली आणि गच्चीवर छत्र्या दिसू लागल्या. २ ऑक्टोबर १९९२ रोजी, म्हणजे मुंबई केंद्राच्या बरोबर वीस वर्षांनंतर, झी टीव्ही सुरू झाली. आरंभी तिचे प्रक्षेपण दिवसातले थोडेच तास. तेवढे भरावयाचे तरी कशाने? अमेरिकेतल्या त्या वाहिनीजवळ जुने कोठार होते, झीपाशी काहीच नव्हते. पण दोघांनी एकच वाट धरली, ती खेळाची. खेळाला लेखक थोडा लागतो, नट लागत नाहीत, एकच देखावा शंभर दिवस चालतो, आणि प्रायोजकाचे नाव थेट कार्यक्रमाच्या नावातच गुंफता येते. मोहन कपूर यांची ‘सांप सीडी’ आली. सापशिडीचाच पट, फक्त मोठा केलेला. १९९३ साली ‘अंताक्षरी’ आली, गजेंद्र सिंग यांची निर्मिती आणि अन्नू कपूर यांचे सूत्रसंचालन. त्यांच्या जोडीला दुर्गा जसराज, पुढे आपल्या पल्लवी जोशी. टूथपेस्टचे नाव कार्यक्रमाच्या आधी लागले.

अंताक्षरी म्हणजे आपल्या गाण्याच्या भेंड्याच. एस.टी.तून सहलीला निघालेल्या शाळेला, लग्नघरी रात्र जागवणाऱ्या बायकांना, कसारा लोकलमध्ये जागा मिळालेल्या नशीबवान टोळक्याला त्या कोणी शिकवाव्या लागल्या नव्हत्या. नवी वाहिनी नवे काही घेऊन आली, असे आपण म्हणतो. माझ्या मते तिने आमच्याच ओसरीवरचा खेळ उचलला, त्याला दिवे लावले आणि आम्हांलाच परत विकला. विकला म्हणून वाईट वाटण्याचे कारण नाही. मात्र ओसरीवर सर्वच गात असत, आणि पडद्यापुढे बसल्यावर पुष्कळांचे गाणे थांबले, हे म्हटल्यावाचून राहवत नाही.

केबलचा धंदा दाट वस्तीचा असतो. वायर खांबाखांबाने, गच्चीगच्चीने जाते. घरे विरळ झाली की तिचा खर्च निघत नाही. शहापूरसारख्या तालुक्याच्या बाजारपेठेत ती पोहोचणे एक आणि डोंगरातल्या पाड्यावर पोहोचणे दुसरे. पाड्यांवरची खरी क्रांती घरापुरत्या लहान छत्रीने केली. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या दूरदर्शनच्या मोफत सेवेचा त्यात मोठा वाटा.

दरम्यान ३ जुलै २००० रोजी स्टार प्लसवर ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाले. १९९८ सालच्या एका ब्रिटिश खेळाचा हा भारतीय अवतार. मुंबईचे हर्षवर्धन नवाथे त्याच वर्षी पहिले कोट्यधीश ठरले. स्पर्धापरीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मराठी तरुणांना तर ते घरचेच कार्य वाटले. या खेळाने एक गोष्ट कायमची बदलली. त्याचा आराखडाच विकत घेतलेला, हक्कांचे करार झालेले. प्रत्येक भागाला किंमत आली. ज्याला किंमत येते ते कोणी सहसा पुसत नाही. १९५२ साली गुडसनने जे पदरच्या पैशाने केले, ते आता बाजारानेच करवून घेतले. २०१३ साली ‘कोण होईल मराठी करोडपती’ ई.टीव्ही मराठीवर आले, सचिन खेडेकर यांच्या सूत्रसंचालनाखाली. मराठीतून विचारलेल्या प्रश्नाला मराठीतून उत्तर देऊन पैसे मिळविण्याची सोय झाली!

पण मराठी खेळांच्या इतिहासात मी पहिले आसन त्याला देणार नाही. १५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा मराठी ही वाहिनी निघाली. तिचीच पुढे झी मराठी झाली. तिच्यावर सप्टेंबर २००४ मध्ये ‘होम मिनिस्टर’ सुरू झाला आणि २०२२ पर्यंत चालला. आदेश बांदेकर सर्व महाराष्ट्राचे ‘भावोजी’ झाले. ते घरी जावयाचे, गृहिणीची विचारपूस करावयाचे, फुगे फोडण्यासारखे साधे खेळ व्हावयाचे, आणि जिंकणारीला पैठणी. विद्वान मंडळींनी या कार्यक्रमाची पुष्कळ थट्टा केली. बाईला गृहखात्याचे मंत्रिपद म्हणजे अखेर स्वयंपाकघरच, ही टीका खोटी नाही. सासूच्या देखत सुनेला ‘सासू कशी आहे?’ असे विचारले तर उत्तर काय येणार? तरीही पाहा, या कार्यक्रमात चाळीतल्या, वाड्यावरच्या, एका खोलीतल्या बाईच्या हाती ध्वनिक्षेपक गेला. तिने आपले नाव, माहेरचे गाव, लग्न कसे जमले, नवरा कशावरून रुसतो, हे आपल्या बोलीत सांगितले. उखाणा घेतला. मागे भिंतीवरचे कॅलेंडर, मांडणीवरची भांडी, दारातून डोकावणारी शेजारची पोरे. अठरा वर्षांत असे हजारो भाग झाले. मराठी घराचा एवढा मोठा, घरातूनच घेतलेला लेखाजोखा दुसऱ्या कोणत्या दप्तरात आहे? २०२२ सालच्या ‘महामिनिस्टर’ या पर्वात अकरा लाखांची, येवल्याची पैठणी ठेवली गेली आणि वर्तमानपत्रांत तिचीच चर्चा झाली. मला त्या पैठणीपेक्षा मागच्या भिंतीवरचे कॅलेंडर अधिक मोलाचे वाटते.

जुन्या कार्यक्रमांची वाहिनी आपल्याकडेही निघाली. १३ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीत, दूरदर्शनने ‘डीडी रेट्रो’ सुरू केली. तिचा भर स्वाभाविकच ‘महाभारत’, ‘चाणक्य’ यांसारख्या भव्य मालिकांवर राहिला. देवादिकांच्या आणि सम्राटांच्या फिती जपल्या गेल्या होत्या. भेंड्या, कोडी आणि प्रश्नमंजूषा यांची वाहिनी चालवण्याइतके जुने कोठार मराठीत आज एका ठिकाणी गोळा झालेले नाही.

जे आहे त्यातले बरेचसे सरकारी वा खाजगी तिजोऱ्यांत नसून घरांतल्या कपाटांत आहे. नव्वदच्या दशकात आत्या किंवा मामा कोणत्यातरी कार्यक्रमात दिसले, तेव्हा शेजाऱ्यांचा व्हीसीआर आणून तो भाग उतरवून घेतलेला असतो. लग्नाच्या कॅसेटशेजारी ती कॅसेट उभी असते, वर बॉलपेनने लिहिलेले नाव पुसट झालेले. आपल्याकडच्या पावसाळ्यात तिच्या फितीला बुरशी धरते, पांढरी, पिठासारखी. तशीच यंत्रात घातली तर फीतही जाते आणि यंत्राचे डोकेही बिघडते. ती आधी स्वच्छ करून संगणकावर उतरवून घ्यावी लागते, आणि त्यासाठी चालू स्थितीतला व्हीसीआर हवा. जपानच्या फुनाई कंपनीने आपले व्हीसीआरचे उत्पादन जुलै २०१६ मध्ये बंद केले. ती यंत्रे बनविणारी जगातील ती शेवटची मोठी कंपनी होती.