लग्नानंतर घरी

माझी भाची पाच वर्षांची आहे. मागच्या दिवाळीत फराळ करता करता तिनं जाहीर केलं की ती वरच्या मजल्यावरच्या एका मुलाशी लग्न करणार. कारण? तो तिला स्कूलव्हॅनमध्ये खिडकीची जागा देतो. (याहून फुटकळ कारणांनी ठरलेली लग्नं मी पाहिली आहेत.) मी विचारलं, मग लग्न झाल्यावर राहणार कुठे? मामाला काहीच कसं कळत नाही, अशा चेहऱ्यानं ती म्हणाली, "मी माझ्या घरी. तो त्याच्या घरी."

सगळे हसले. आजी हसली नाही. म्हणाली, "माझ्या आईलाही असंच वाटलं होतं."

पणजीचं लग्न झालं ते 1924 च्या सुमारास. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. लग्न म्हणजे जरीचं परकर-पोलकं, हातभर बांगड्या आणि पंगतीत हवे तेवढे लाडू, एवढंच तिला ठाऊक. भातुकलीत बाहुलीची लग्नं तिनं कितीदा तरी लावली होती. खेळ संपला की बाहुली परत आपल्या पेटीत. मुहूर्ताच्या वेळी ती पेंगत होती. मामानं कडेवर घेऊन बोहल्यावर आणलं. निघताना बैलगाडीत बसवल्यावर तिनं आईला विचारलं, "तू नाही येत?"

हे ऐकल्यापासून रखमाबाईंचा खटला मी वेगळ्या नजरेनं वाचतो. 1864 साली मुंबईत जन्मलेल्या रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी या एकोणीस वर्षांच्या मुलाशी झालं. पण त्या सासरी नांदायला गेल्याच नाहीत. सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्या घरी राहिल्या, वाचत-शिकत मोठ्या झाल्या. म्हणजे लग्न झालं आणि मुलगी आपल्या घरी राहिली, अगदी माझ्या भाचीच्या हिशेबाप्रमाणे! 1884 मध्ये दादाजींनी बायको ताब्यात मिळावी म्हणून मुंबई हायकोर्टात दावा लावला.

1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. नकळत्या वयात लावलेल्या लग्नापायी आता जाणत्या झालेल्या बाईला तिच्या मनाविरुद्ध नवऱ्याच्या घरी धाडणं त्यांना रानटीपणाचं वाटलं. त्यावर गहजब उडाला. टिळकांचा 'केसरी' रखमाबाईंच्या विरोधात उभा राहिला. अपिलात पारडं फिरलं आणि मार्च 1887 मध्ये निकाल आला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. बावीस वर्षांच्या बाईनं भर कोर्टात हे सांगायचं म्हणजे काय, याचा जरा विचार करा. शेवटी 1888 मध्ये तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला. रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या, पुढे सुरत आणि राजकोटला त्यांनी दवाखाने सांभाळले. पुन्हा लग्न केलं नाही.

कायदा मात्र मुंगीच्या पावलांनी चालला. कलकत्त्यात दहा-अकरा वर्षांची फुलमणी दासी नवऱ्याच्या बळजबरीत मेली, आणि मग 1891 मध्ये संमतिवयाचा कायदा आला. त्यानं वय किती वाढवलं? दहावरून बारा. तेवढ्यानंही धर्म बुडाल्याची ओरड झाली. मुलीच्या लग्नाचं वय चौदा करणारा सारडा कायदा 1929 चा. पणजीसाठी पाचेक वर्षं उशिराचा.

पणजोबा तसे मायाळू होते, संसार चांगला झाला, असं आजी आवर्जून सांगते. मी मान डोलावतो. पण तिनं सांगितलेली दुसरी एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. पहिल्या मंगळागौरीला पणजी माहेरी आली आणि धावत आपल्या पेटीपाशी गेली. बाहुली धाकट्या बहिणीला देऊन टाकली होती. पणजी दिवसभर रडली. बायका एकमेकींना म्हणाल्या, "पोरीला सासरची आठवण येतेय हो!"